जागा शोधणाऱ्या टीचर

टीचर सर्व्हरच्या खोलीत शिरण्याआधी दारावर टकटक करायच्या. खोली कसली, जिन्याखालची अडगळ होती ती. तिला प्लायवूडचं दार लावून आमच्या साहेबांनी 'सर्व्हर रूम' केली होती. आत पिवळट पडलेला एक सर्व्हर, एक भिंतीवरचा पंखा आणि जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या. तरी टीचर बोटाच्या पेराने दोनदा वाजवायच्या, क्षणभर थांबायच्या आणि मगच दार ढकलायच्या. मी नवीन होतो, मला हसू यायचं. एकदा न राहवून विचारलं, "टीचर, आत कोण आहे?" त्या म्हणाल्या, "कुणी नाही. पण असलं तर? माणसाला सावरून बसायला एवढा वेळ द्यावा." आमचे शिपाई हरेशभाऊ दुपारच्या जेवणानंतर त्याच पंख्याखाली नकाशांना टेकून डोळा लावायचे, हे मला फार पुढे कळलं. टीचरना ते पहिल्यापासून माहीत होतं.

वसई स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं ऑफिस होतं, आर्किटेक्टचं. तेव्हा विरार पूर्वेला आणि इकडे जूचंद्रपर्यंत इमारती पावसाळ्यातल्या अळंब्यांसारख्या उगवत होत्या आणि त्यातल्या बऱ्याच इमारती आधी आमच्या टेबलांवर उगवायच्या. मी ड्राफ्ट्समन. आम्ही काढलेले सगळे नकाशे त्या जिन्याखालच्या सर्व्हरवर राहायचे, आणि सर्व्हर टीचरच्या हाती होता. टीचर मूळच्या गणिताच्या. सकाळच्या शाळेत शिकवायच्या. शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "गणित तुमचं, तेव्हा हे खोकंही तुमचंच." दुसरी एखादी बाई कपाळाला हात लावून बसली असती. टीचर शिकायला बसल्या, आणि इतकं शिकल्या की दुपारनंतर आमच्यासारख्या दोनतीन ऑफिसांची यंत्रं सांभाळू लागल्या. घर गिरीजला, मागे केळीची वाडी. स्कूटीच्या पुढच्या हुकाला पिशवी अडकवलेली, त्यात एका बाजूला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि दुसऱ्या बाजूला केळीच्या पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी. सुकेळी आमच्यासाठी असत. उत्तरपत्रिकाही कधीकधी आमच्यासाठीच असाव्यात असा संशय येई, कारण त्या तपासता तपासता टीचर आम्हालाही तपासत.

यंत्र एखादं लांबलचक काम करत बसलं की टीचर लाल पेन काढायच्या. पडद्यावर एकीकडे मोजणी चालली आहे आणि टीचर मांडीवर पेपर घेऊन कुणाच्या तरी समीकरणावर फुली मारताहेत, हे दृश्य मी किती वेळा पाहिलं असेल. उत्तर बरोबर आणि पायऱ्याच नाहीत अशा मुलाचे त्या अर्धे मार्क कापायच्या. "उत्तर शेजारच्याचंही असू शकतं. रीत मात्र आपलीच असते," असं म्हणायच्या. कुणीही कशाबद्दलही ठासून बोललं की त्यांचा प्रश्न ठरलेला. "रीत दाखवा." हरेशभाऊ म्हणाले, "टीचर, उद्या पानी येनार न्हाय," तरी टीचर विचारणार, "हरेशभाऊ, रीत दाखवा." हरेशभाऊही बेरकी. "टाकीवाला माजा मेव्हना हाय, हीच रीत," म्हणायचे. टीचर खळखळून हसायच्या आणि "पूर्ण मार्क" म्हणायच्या.

फोनवर घरच्यांशी बोलताना त्या पार वेगळ्या व्हायच्या. त्यांच्या गावची बोली माझ्यासारख्या कोकणातून आलेल्याला निम्मीसुद्धा कळत नसे, पण सूर कळायचा. त्यात वाडीतलं पाणी, सासूबाईंचं औषध, रविवारी चर्चमधल्या मिस्साची वेळ, सगळं एका दमात यायचं. फोन ठेवला की दुसऱ्या क्षणी शाळेतली प्रमाण मराठी. आम्ही विचारलं, की एवढं पटकन कसं बदलता? म्हणाल्या, "घरात चप्पल काढतो ना आपण? तसंच."

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय टीचर काय होत्या ते कळायचं नाही. ही नोकरी मला दाजींच्या शब्दावर मिळाली होती. दाजी म्हणजे ताईचे यजमान. त्यांची आणि साहेबांची जुनी ओळख. मी राहायलाही त्यांच्याकडेच होतो, मनवेलपाड्याला. ताईच्या सासूबाई, दोन पोरं आणि दाजी अशा भरल्या घरात हॉलमधल्या दिवाणावर. दाजी माणूस सरळ, पण मानी. मला सोबत घेऊन साहेबांकडे आले तेव्हा एवढंच म्हणाले होते, "पोरगा माझा आहे असं समजा." बहिणीच्या सासरी राहणाऱ्या भावाची मान किती खाली असते, ते ज्याने अनुभवलं त्यालाच माहीत. पोळीवर तूप घेतानासुद्धा आधी ताईच्या सासूबाईंच्या चेहऱ्याकडे नजर जायची. मी काही वेडंवाकडं केलं असतं तर बोल मला लागला नसता. तो ताईला लागला असता, आणि तो तिला जन्मभर पुरला असता.

दसऱ्याचा मुहूर्त चांगला म्हणून मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर झालो. साहेब नव्हते. ते दरवर्षी दसरा झाला की सहकुटुंब साताऱ्याकडे गावी जात. हरेशभाऊंनी मला टेबल दाखवलं, पाणी दिलं, सर्व्हर चालू करून दिला, आणि मी आपला मन लावून रेघा ओढू लागलो. साहेब सातआठ दिवसांनी आले. पुढे दिवाळी गेली, तुळशीची लग्नं झाली. आणि एका दुपारी, नगरपालिकेत द्यायचा नकाशा साठवताना पडद्यावर अक्षरं आली की सर्व्हरवर जागा शिल्लक नाही.

कुणाच्याच फाइली साठवेनात. काम ठप्प झालं. साहेब केबिनमधून बाहेर आले. "जागा नाही म्हणजे? गणपतीत टीचरनी मला दाखवलं होतं, आठवा हिस्सासुद्धा भरलेला नव्हता!" मग त्यांची नजर सगळ्या टेबलांवरून फिरली आणि माझ्या टेबलावरच्या गाण्यांच्या सीड्यांवर येऊन थांबली. काम करताना कानात गाणी लावायची मला सवय होती. सीडी घालायची आणि ऐकायची. सर्व्हरवर मी एक गाणं कधी चढवलं नव्हतं. पण साहेबांनी मनातल्या मनात बेरीज केलेली होती. "दसऱ्यापर्यंत जागा होती. दसऱ्यानंतर तू आलास. पहिला आठवडा मी नव्हतो. त्या आठवड्यात काय काय भरलंस? पिक्चर की गाणी?" कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, आणि कावळा मी होतो. मी म्हटलं, "साहेब, शपथ सांगतो, काही भरलेलं नाही." ते म्हणाले, "मग गेली कुठे जागा? हवेत? शनिवारी तुझ्या दाजींना बोलावतो. त्यांच्यासमोरच बोलू."

सगळ्या हॉलसमोर बोलले. टेबलांवरच्या माना खाली गेल्या. त्या संध्याकाळी घरी ताईने विचारलं, "चेहरा का असा?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. तिने आल्याचा चहा करून दिला. तो तसाच गार झाला. साहेबांचा फोन दाजींना आला होता, पण कारण त्यांनी सांगितलं नव्हतं. दाजी जेवताना सहज म्हणाले, "तुझ्या साहेबांनी शनिवारी बोलावलंय मला. पगारवाढ का रे?" आणि हसले. ते हसणं आजही आठवतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीचर आल्या. साहेबांनी त्यांना उभ्याउभ्याच सांगितलं, "टीचर, आधी जुन्या वर्षांचे नकाशे उडवा, जागा करा. मग या उमेशने काय भरलंय ते शोधून काढा." टीचरनी पिशवी खाली ठेवली. "साहेब, उडवायचं शेवटी. काय भरलंय ते कळल्याशिवाय मी एक फाइल पुसणार नाही. आणि उमेशनेच भरलंय, याची रीत दाखवा."

"रीत कसली? तो आला आणि जागा गेली."

"याला मी भोपळा देते," टीचर म्हणाल्या, आणि दारावर टकटक करून जिन्याखाली गेल्या.

त्यांची शोधायची पद्धत अशी, की आधी संशय कुणावरच घ्यायचा नाही, नुसतं मोजायचं. एकेक फोल्डर घेतला, त्याने किती जागा खाल्ली ते पाहिलं, बेरीज केली. मी त्यांच्या मागे उभा होतो. माझा फोल्डर आला तेव्हा मी पडद्याकडे वाकलो. त्यात माझे नकाशे होते, दुसरं काही नव्हतं, आणि तेही इतके थोडे की मलाच वाटलं, आपण कामं तरी करतो की नाही. टीचरनी तो आकडा मांडला आणि पुढचा फोल्डर घेतला. सगळी बेरीज झाली तेव्हा मात्र पेन कानावर ठेवून पडद्याकडे पाहत राहिल्या. "गंमत बघ. सगळ्या फाइली मिळून आठव्या हिश्श्याच्या थोडं वर भरतात. आणि डिस्क म्हणते, मी काठोकाठ भरले. घरात माणसं चार, आणि पाटावर जागा नाही. मग बसलंय कोण?"

ते दोन दिवस टीचर रोज आल्या. कधीकधी पुसलेली फाइल कुणीतरी उघडी ठेवलेली असते, ती दिसत नाही पण जागा अडवते. म्हणून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. फरक पडला नाही. लपवलेल्या फाइली असतात, त्या शोधल्या. फुटकळ निघाल्या. डिस्कच खोटं बोलत असेल म्हणून तिची तपासणी लावली. ती चालली बराच वेळ. तेवढ्यात नववीच्या एका तुकडीचे पेपर तपासून झाले. डिस्क निर्दोष ठरली. साहेब येरझारा घालत होते. मधूनच माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, साप म्हणून भुई धोपटणं चाललंय आणि शेवटी काठी माझ्याच पाठीत बसणार. शुक्रवारी संध्याकाळी मी टीचरना म्हटलं, "उद्या दाजी येणार." टीचरनी सुकेळ्यांची पुडी उघडून माझ्यापुढे केली. "खा. उपाशी माणसाला आपणच गुन्हेगार वाटायला लागतं."

शनिवारी शाळा लवकर सुटली. टीचर आल्या त्या म्हणाल्या, "आता एकच जागा राहिली बघायची. डबा."

डबा म्हणजे दुसरी हार्डडिस्क. सर्व्हरच्या पुढच्या बाजूला टेबलाच्या खणासारखा सरकणारा एक डबा होता, त्याला मूठ आणि छोटं कुलूप. रोज ऑफिस सुटलं की सर्व्हर आपल्या सगळ्या फाइलींची नक्कल काढून त्या डब्यातल्या डिस्कवर ठेवायचा. प्रत्येक वाराची वेगळी. मूळ डिस्क बिघडली तर हाताशी असावी म्हणून. ती व्यवस्था टीचरनीच लावली होती. त्यांनी सर्व्हर बंद केला, कुलूप उघडलं, डबा बाहेर ओढला आणि दारातल्या उजेडात धरला. मग तशाच थांबल्या.

डब्याच्या कुशीला कुंकवाचं बोट होतं. वाळलेलं, पण स्पष्ट. वर हळद, आणि फटीत अडकलेले अक्षतांचे दोनतीन दाणे.

दर्शनी भागाला कुंकू सर्व्हरलाही होतं. दसऱ्याला आमच्याकडे प्रत्येक कॉम्प्युटरला कुंकू लागायचं, झेंडूची फुलं वाहिली जायची. पण डब्याची कूस आत सरकलेली असते. तिथे बोट पोचायचं तर डबा बाहेरच हवा. टीचरनी हळूच येशूचं नाव घेतलं, "जेजू!" मग हाक मारली, "हरेशभाऊ, जरा येता?"

हरेशभाऊ आले. टीचरनी अगदी सहज विचारलं, "दसऱ्याला पूजा कुठे मांडली होती?"

"साहेबांच्या घरी. दरसाल असते. खंडेनवमीला इथनं टेपा, मापपट्ट्या, ती जुनी मोजनीची दुर्बीन, सगली हत्यारं नेतो मी. या वर्साला साहेब बोलले, खरं हत्यार आता हा सर्व्हर हाय, पन तो कोन उचलनार? तवा त्याचा डबा तरी ने. तर मी बंद केला आनि डबा काढून नेला."

"आणि परत कधी आणला?"

"मी कुठं आनला? साहेबांनीच आनला, गावावरनं आल्यावर. पूजेत ठेवलेलं तसंच देवघरात राहिलं आनि घराला कुलूप. मी बिनडब्याचाच चालू केला सर्व्हर. चालला की नीट!"

टीचरनी डोळे मिटले आणि उघडले. मग डबा बाजूला ठेवून, डब्याशिवायच, सर्व्हर चालू केला. नकला ज्या फोल्डरात जातात तो उघडला. डबा नसताना तो फोल्डर रिकामा असायला हवा होता. पडद्यावर सरसर ओळी उतरू लागल्या. वारांची नावं, एकाखाली एक, आणि प्रत्येक वाराच्या पोटात अख्ख्या ऑफिसची नक्कल. सगळ्या दसऱ्यानंतरच्या आठवड्यातल्या, म्हणजे साहेब गावी होते तेव्हाच्या.

मला अजून उमगलं नव्हतं. टीचर म्हणाल्या, "असं समज, भिंतीत कोनाडा आहे आणि कोनाड्यापुढे कपाट. गडी रोज येतो, कपाटात सामान ठेवतो. एक दिवस कपाट हलवलं आणि गड्याला सांगितलंच नाही. तो आला, समोर कोनाडा दिसला, त्यात ठेवून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग कपाट आणून परत पुढे लावलं. आता येणाऱ्याजाणाऱ्याला कपाट दिसतं. मागचा कोनाडा गच्च भरलाय ते दिसत नाही, आणि जागा मात्र त्याने अडवलेली."

माझा जीव भांड्यात पडला. खरोखर तसाच आवाज छातीत झाला असं वाटलं. मी नकाशांच्या गुंडाळ्यांवर बसलोच. आणि पुढच्याच क्षणी संताप वर आला. स्वतः डबा देवघरात कोंडून गावाला जायचं आणि चोर मला ठरवायचं! मी म्हटलं, "टीचर, आता सगळ्यांसमोर सांगा. डबा कोणी नेला, कोणी विसरला, सगळं. दाजी येतीलच एवढ्यात. त्यांच्यासमोर सांगा."

टीचर त्या नकला खऱ्या नकलाच आहेत ना, दुसरं काही त्यात अडकलेलं नाही ना, हे ताडून बघत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुला सुटायचंय की साहेबांना अडकवायचंय? ही दोन वेगळी कामं आहेत. मी पहिलं करायला बसलेय."

ताडून झाल्यावर त्यांनी नकला पुसल्या. सर्व्हर गणपतीत होता तसा मोकळा झाला. त्यांनी डबा परत आत सरकवला, कुंकू मी पुसायला गेलो तर हात धरला, "राहू दे. देवाचं आहे." मग साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि दार लावून घेतलं.

केबिनला काच होती. मी आणि हरेशभाऊ बाहेरून बघत होतो. आवाज येत नव्हता. साहेब आधी उभे होते, मग बसले, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. टीचर काही सांगत होत्या. साहेब एकदम मान हलवून काही बोलले, टीचरनीही मान हलवली. बराच वेळ असं चाललं. मग दोघं बाहेर आले. साहेब हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले, "जरा सगळ्यांनी ऐका. जागेच्या भानगडीशी उमेशचा काहीही संबंध नव्हता. मी सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. माझं चुकलं. उमेश, माझं चुकलं."

असा माणूस मी आधी पाहिलेला नव्हता. आमच्याकडे मोठी माणसं चुकत नाहीत. फार तर त्यांचा गैरसमज होतो. माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. हरेशभाऊंनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी पुढे कलंडलो.

दाजी आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला, समोसे मागवले. अर्ध्या तासाने दाजी बाहेर आले ते छाती फुगवून. घरी जाताना रिक्षात म्हणाले, "साहेब म्हणाले, पोरगा प्रामाणिक आहे, तुम्ही दिलात म्हणून आभार मानायला बोलावलं. असं कुणी मुद्दाम बोलावून सांगतं का रे हल्ली?" त्या रात्री ताईच्या सासूबाईंनी माझ्या पोळीवर आपणहून तूप वाढलं.

पुढच्या दसऱ्याला साहेबांनी पूजा ऑफिसातच मांडली आणि टीचरना बोलावणं गेलं. टीचर आल्या, वाडीतली फुलं घेऊन. साहेबांनी विचारलं, "टीचर, डबा काढू का?" टीचर म्हणाल्या, "खुशाल काढा. आता तो नसला तर सर्व्हर नक्कल काढणारच नाही, उलट ओरडेल." आणि खरंच त्या संध्याकाळी जिन्याखालून असा काही पिप-पिप आवाज सुरू झाला की हरेशभाऊ झोपेतून उठून बाहेर धावले. "मेल्यानं बोंब मारली!" म्हणाले. साहेब पोट धरून हसले, आणि हसता हसता गेल्या दसऱ्याची सगळी हकिकत त्यांनी स्वतःच हॉलला सांगून टाकली. कुणी विचारलं नव्हतं.

टीचर आमच्याकडे त्यानंतर तीनचार वर्षं येत राहिल्या. त्यांच्यामुळे आमच्या ऑफिसला एक वळण लागलं. काही हरवलं, बिघडलं, चुकलं, तर आवाज चढायच्या आधी कुणीतरी मोजायला बसायचं. मग त्यांना शाळेत मुख्याध्यापिका केलं आणि दुपारी येणं जमेना. शेवटच्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून सर्व्हरची सगळी कामं समजावली, दोनदा माझ्याकडून करून घेतली, आणि स्कूटीला पिशवी अडकवून नेहमीसारख्या निघून गेल्या. साहेब दारात उभे राहून बघत होते. मला म्हणाले, "उमेश, त्या शनिवारी केबिनमध्ये या बाईने मला काय सांगितलं, तुला माहीत आहे?"

मी म्हटलं, नाही.

"मला वाटलं होतं, पूजेवरून माझी शाळा घेणार. तर म्हणाली, साहेब, चूक माझी आहे. डबा जागेवर आहे की नाही ते बघितल्याशिवाय नक्कल काढू नको, असं मी यंत्राला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. पूजेत काही वावगं नव्हतं. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! मी म्हटलं, मग टीचर, तुम्हीच बाहेर येऊन तसं सांगा ना. तर म्हणाली, मी सांगते, आत्ता सांगते. पण आळ तुम्ही घेतला होता. माझी चूक मी सांगितल्याने तुमचा आळ मागे जात नाही. तो तुम्हालाच मागे घ्यावा लागेल, आणि घेतलात तिथेच, हॉलमध्ये. मग मीच म्हटलं, टीचर, तुम्ही राहू द्या. मी सांगतो."

रविवारी मी गिरीजला गेलो. मिस्सा आटोपून टीचर घरी आल्या होत्या आणि वाडीत केळीची वाळकी पानं काढत होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय रे, सर्व्हर बंद पडला?" मी म्हटलं, नाही. मग विचारलं, "टीचर, ती चूक खरंच तुमची होती, की साहेबांना बरं वाटावं म्हणून म्हणालात?"

"खरंच होती. एका ओळीचं काम होतं, राहून गेलं."

"मग मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं मी सगळं साहेबांच्याच नावावर धरून होतो."

टीचरनी हातातलं पान खाली टाकलं. "त्या दिवशी तुझा चेहरा मी बघितला होता, उमेश. तू केलं नाहीस, एवढं एकच तुला ऐकायचं होतं. त्यात आणखी कुणाचं काही मिसळलं असतं, तर तेवढं तुला धड ऐकू आलं नसतं. म्हटलं, त्याला आधी पोटभर ऐकू दे."

जेवून जा म्हणाल्या, जेवलो. निघालो आणि बसमध्ये बसलो. कंडक्टरने "कुठं?" म्हणून विचारलं, तर मी अजून टीचरच्या 'पोटभर ऐकू दे'मध्येच होतो. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा न विचारता स्टेशनचं तिकीट फाडून हातात दिलं.